पहिल्यांदा शिडाची दोरी हातात आली तेव्हा (अनुभव लिहा)

समुद्रकाठची
काल पाऊस सुरू झाला म्हणून माळ्यावरचं प्लास्टिक काढत होते, त्यात सेलिंगचे जुने हातमोजे सापडले. मिठाने पापडासारखे कडक. वास घेतला आणि गेटवेसमोरची जानेवारीतली सकाळ जशीच्या तशी उभी राहिली.

मी एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले. पहिल्या दिवशी सरांनी काय केलं, तर होडी मुद्दाम पालथी करायला लावली. दोघांची छोटी होडी, मी आणि एक कॉलेजातला मुलगा. होडीच्या पोटाखाली सेंटरबोर्ड नावाची फळी असते, तिच्यावर चढायचं, मागे रेलायचं आणि अंगाच्या भाराने होडी सरळ करायची. तिसऱ्या खेपेला जमलं. भिजलेलं शीड पाण्यातून वर येताना त्यावरून पाणी ओघळतं, तो आवाज अजून कानात आहे. उलटण्याची भीती त्या दिवशी गेली ती गेलीच.

सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते. डोक्याला लगेच कळलं, हाताला कळायला तीन आठवडे लागले. आणि भीती वाटली की माणूस दोरी आवळून धरतो. सोडायची असते! सोडली की शीड फडफडतं, वारा निघून जातो, होडी शांत होते. "घाबरलात की सोडा," सर लांबून ओरडायचे.

तुम्ही कुठे शिकलात? कुकर लावून येते.

रेवसकर
ताई, आजोबांचा मचवा होता, शिडाचा. परबाण (शीड जिच्यावर बांधतात तो लांब वासा) वर तिरकी, शिडाच्या खाली आडवा दांडा नाही. तुमच्या होडीत तो बूम असतो ना, वळताना डोक्यावरून जातो तो? तो बघून आजोबा म्हणाले असते, हे कशाला बांधलंय. त्यांना सकाळी मतलई (जमिनीकडून येणाऱ्या) वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्या (समुद्राकडून येणाऱ्या) वाऱ्यावर घरी यायचं एवढं पाठ. इंजिन आलं आणि शीड गोठ्यावर अंथरलं गेलं. मी ते गोठ्यावरच पाहिलंय.

मिनू_बॉस्टन
इथे चार्ल्स नदीवर लेक शिकतेय, ८ वर्षांची. ऑप्टिमिस्ट होडी, जेमतेम २.३ मीटर, एकच शीड, एकच पोर आत. नदीकाठच्या इमारतींमुळे वारा क्षणात इकडून तर क्षणात तिकडून. मी काठावर श्वास धरून बसते. परवा ती मला म्हणाली, "आई, पाण्याकडे बघ, जिथे काळपट सुरकुत्या येतायत तिथून वारा येतोय." मी बघितलं. खरंच यायला लागला. डोळे भरून आले माझे.

डबेवालीची_लेक
पोहता येत नसेल तर चालतं का? आणि बोट लागते मला, मांडव्याच्या लाँचमध्येही आलेपाक तोंडात लागतो 😟

समुद्रकाठची
@डबेवालीची_लेक लाईफ जॅकेट असतंच, पण आधी पोहणं शिक गं. पाण्यात पडल्यावर घाबरगुंडी उडाली तर काही सुचत नाही. बोट लागण्याचं म्हणशील तर छोट्या होडीत हात सारखे कामात, नजर लांब. मला कधी लागली नाही. आलेपाक तरी ने.

नेव्हलविंग९४
एनसीसी. व्हेलर बोट, म्हणजे वल्ह्यांची नि शिडाचीही. वल्ही मारून मारून तळहात सोलले की मग शीड मिळायचं. नवीन लोकांनी एक पाठ करा, शीट म्हणजे शीड नव्हे, शीट म्हणजे दोरी. आणि वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलीच होडी जात नाही, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून नागमोडी जायचं. हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन जेवलोच नाही, कागदावर बाण काढत बसलो.

दिवाडकर
नौदलाची शिडाची बोट तारिणी आमच्या गोव्यातल्या दिवाडीलाच बांधली. ५६ फुटी. सहाजणी तिच्यावरून पृथ्वी फिरून २१ मे २०१८ ला गोव्यात परत आल्या, तेव्हा फेरीबोटीत दुसरा विषय नव्हता. माझ्या भाचीने त्याच आठवड्यात हट्ट धरला. आता ती मांडवी नदीत शिकते.

रेवसकर
पुरणपोळ्या चालल्यात इकडे, मध्येच लिहितो. तिथी बघून जा! पुनव-अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ भयंकर. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, नवशिक्यांनी शिकावं.

समुद्रकाठची
रेवसकर दादा, अगदी. एकदा संध्याकाळी वारा पडला आणि ओहोटी लागली. शीड कपड्यासारखं लोंबतंय आणि आम्ही सावकाश बाहेर चाललोय. अर्ध्या तासाने सेफ्टी बोटीने दोर टाकून ओढत आणलं. तो मुलगा सगळा वेळ गुणगुणत होता, त्याचा मोठा आधार वाटला.

हैद्राबादी_मराठी
मुंबईत पावसाळ्यात बंद ना? इकडे जुलैतच खरा वारा. हुसेनसागरावर लेझर बोटींच्या (एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या होड्या) शर्यती असतात. या बघायला, राहायची सोय आमच्याकडे.

मिनू_बॉस्टन
@रेवसकर पुरणपोळ्या कशाच्या निमित्ताने??

रेवसकर
भाऊ आलाय दुबईहून. ताई, ते मोजे टाकू नका, गोड्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, सावलीत वाळवा. चामडं आहे का?

समुद्रकाठची
तळव्याला चामडं आहे. घातले भिजत.