सिरॅमिक डिझाइन शिकण्यासाठी परदेशी जावे का?

कोथरूडची मृण्मयी

नमस्कार. मी यंदा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत गणपतीआधी शाडूच्या मूर्ती करण्याची कार्यशाळा होती. तिला सहज म्हणून गेले आणि मातीचा नाद लागला तो लागलाच. गेली दोन वर्षे पौड रस्त्यावरच्या एका स्टुडिओत दर शनिवार-रविवारी चाकावर बसते. वाडगे, कप आणि झाकणाची बरणी इतपत जमते. ग्लेझ (भांड्यावरचा चकचकीत लेप) मात्र तिथल्या बादलीत जे असेल तेच वापरते, आणि भट्टी मी आजवर स्वतः एकदाही लावलेली नाही.

पदवीनंतर याच विषयाचे रीतसर शिक्षण घ्यायचे हे माझे ठरले आहे. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्समधील सिरॅमिक डिझाइनची तीन वर्षांची पदवी मला सर्वात जवळची वाटते. परंतु एक पदवी हातात असताना पुन्हा पदवीच का करायची, त्यापेक्षा रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील एका वर्षाची पदव्युत्तर पदवी का नको, असे घरच्यांचे म्हणणे आहे. बाबा फ्लॅट तारण ठेवायला तयार आहेत आणि नेमकी तीच गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. आईच्या मते अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) हाच विषय शिकता येत असताना एवढ्या लांब जाण्याचे कारण मी तिला नीट सांगू शकलेली नाही, आणि ते खरे आहे.

ज्यांनी हे शिक्षण घेतले आहे त्यांनी कृपया सांगावे, की तिथे असे काय मिळते जे इथे मिळत नाही, आणि माझ्याकडे आहेत तेवढ्या वाडग्यांवर पोर्टफोलिओ उभा राहील का?

चाक आणि भट्टी

मी लंडनच्या एका कला महाविद्यालयात तीन वर्षे हाच विषय शिकले आणि परत येऊन वडगावला छोटा स्टुडिओ चालवते. तुमचा प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

चाकावर हात बसवण्यासाठी परदेशी जाऊ नका. त्यासाठी रोजचा सराव आणि चूक दाखवणारा माणूस लागतो, आणि हे दोन्ही आपल्याकडे आहे. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आज नावाजलेले कितीतरी भारतीय कुंभकार तिथे कोणतीही पदवी न घेता घडले. तिकडच्या महाविद्यालयात खरी मिळते ती साधने आणि चुका करण्याची मुभा. प्लास्टरच्या साच्यांची वेगळी कर्मशाळा असते, विजेच्या आणि गॅसच्या भट्ट्या असतात, ग्लेझची रसायने वजन करून घेण्याची खोली असते, आणि तिथला तंत्रज्ञ हा माझ्या दृष्टीने खरा गुरू असतो. मला सर्वाधिक शिकवले ते व्याख्यानांनी नव्हे, तर भट्टीची खोली सांभाळणाऱ्या अशाच एका बाईंनी. पहिल्याच दिवशी त्यांनी कोरडा झाडू हातातून काढून घेतला आणि ओला पोछा दिला, कारण मातीच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साचते आणि ते नुकसान भरून येत नाही. पुण्यातल्या बहुतेक स्टुडिओंत मला आजही झाडूच दिसतो. विषयाला सोडून आहे, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ग्लेझ म्हणजे बादलीतला रंग नव्हे, वितळून पुन्हा गोठलेली काच आहे, हे मला तिथे कळले. काच करते सिलिका, ती कमी तापमानाला वितळावी म्हणून कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम लागतात, आणि वितळलेली काच भांड्यावरून ओघळू नये म्हणून ॲल्युमिना लागते. तीन घटक त्रिकोणाच्या तीन टोकांना ठेवून दर पायरीला वीस टक्के बदलत गेलात तर एकवीस चाचणी-फरश्या होतात. माझ्या पहिल्या एकवीसपैकी अठरा फरश्या नुसत्या मळकट होत्या. उरलेल्या तिघींवर मी पुढचे वर्षभर काम केले.

म्हणूनच एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीबद्दल मला शंका आहे. वस्तू घडवायची, आठवडाभर सावकाश वाळवायची, हजार अंशांच्या आसपास बिस्किट भाजायचे (म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी), ग्लेझ लावायचे, पुन्हा बाराशेच्या पुढे भाजायचे आणि मधल्या काळात भट्टीत जागा मिळण्याची वाट पाहायची, यात तीन आठवडे सहज जातात. शिकवण्याचे तीस आठवडे धरले तर तुमच्या हाती अशा दहा फेऱ्या येतात. ज्याचा हात तयार आहे आणि ज्याला काय शोधायचे ते ठाऊक आहे, त्याला दहा फेऱ्या पुरतात. ज्याने अजून भट्टी लावलेली नाही त्याच्या त्या सुरुवातीलाच संपून जातील. पदवी दुसऱ्यांदा करावी लागली तर त्यात कमीपणा मानू नका.

आता पैशांचे. परदेशी विद्यार्थ्यांना लंडनमधील पदवीचे शुल्क वर्षाला तीस हजार पौंडांच्या आसपास पडते आणि राहण्याखाण्याचा खर्च त्याहून वेगळा. तीन वर्षांचा हिशेब दीड कोटी रुपयांच्या घरात जातो. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते, आणि विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. म्हणजे आपण केलेले कप बाजारात मांडून विकणेही नियमाबाहेरचे ठरते. पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वतंत्र व्यवसायाला परवानगी असते, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी त्याची मुदत दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर येणार आहे. घर तारण ठेवण्यापूर्वी बाबांसोबत बसून हे सगळे कागदावर मांडा. स्टुडिओच्या उत्पन्नातून एवढे कर्ज फेडणे मला तरी शक्य झाले नसते. मला अर्धी शिष्यवृत्ती होती.

पोर्टफोलिओत नीटनेटके दहा वाडगे पाहून तिथले शिक्षक पान उलटतात. तुम्ही काय शोधत होतात, ते कुठे फसले आणि त्यानंतर तुम्ही काय केलेत, हे त्यांना पाहायचे असते. त्यामुळे आईंच्या प्रश्नाचे उत्तर आणि पोर्टफोलिओचा विषय या माझ्या मते दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तुमचा स्वतःचा प्रश्न कोणता, तो आधी ठरू द्या.

केशवनगरचा कुंभार

ताई, आमचे घराणे मूळचे कसबा पेठेतल्या कुंभारवाड्याचे. आता आम्ही मुंढव्याच्या केशवनगरात असतो. मी अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे, पण वडिलांबरोबर पणत्या, माठ आणि कुंड्यांचेच काम करतो. परदेशाबद्दल मला सांगता येणार नाही, मातीबद्दल थोडे सांगतो.

तुम्ही स्टुडिओत वापरता ती माती पिशवीतून येते, म्हणून ती कशाने तडकते आणि कशाने सावरते हे तुमच्या हाताला कळत नाही. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळताना फाटते. तिला एकटी वापरता येत नाही. गाळाची माती, राख आणि घोड्याची लीद मिसळून आम्ही तिला वळण लावतो. लीद भाजताना जळून जाते आणि बारीक छिद्रे ठेवते, म्हणून माठातले पाणी झिरपते आणि गार होते. ही माती आमच्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या पारंपरिक भट्टीत, व्यवस्थित भाजते. मी एकदा हौसेने तिची एक पणती एका स्टुडिओच्या स्टोनवेअरच्या, म्हणजे बाराशे अंशांपर्यंत तापणाऱ्या, भट्टीत ठेवायला दिली, तर ती फुगून वितळली आणि खालच्या फळीला चिकटली. फळीचे पैसे भरून दिले, पण वितळलेल्या पणतीचा तो तपकिरी, चकचकीत थर माझ्या डोक्यातून गेला नाही. आपली माती भांडे म्हणून बाराशे अंशांना टिकत नसेल, तर दुसऱ्या भांड्यावरचे ग्लेझ म्हणून ती टिकेल का? याचे उत्तर काढायला माझ्याकडे ना भट्टी आहे ना वेळ. तुम्हाला विषय हवा असेल तर हा घ्या, माती मी देतो. दिवाळीआधी दोन महिने आमचे आवे सतत पेटलेले असतात, तेव्हा एकदा पहाटे येऊन आवा रचण्यापासून पाहा.

हाल्लेतला विद्यार्थी

मूळचा सदाशिव पेठेतला, सध्या जर्मनीत हाल्ले येथे शिकतो. लंडनच्या खर्चाचा आकडा वाचून लिहावेसे वाटले, कारण बुर्ग गिबिकनश्टाइन या इथल्या सरकारी कला विद्यापीठात सिरॅमिक आणि काच हे विषय आहेत आणि शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राची वर्गणी भरावी लागते. ज्या माइसेनमध्ये १७१० साली युरोपातला पहिला पोर्सेलिनचा कारखाना सुरू झाला, ते इथून रेल्वेने फार दूर नाही, आणि पोर्सेलिनकडे इथे त्याच गांभीर्याने पाहतात.

अडचण भाषेची आहे. शिक्षण जर्मनमधून चालते आणि मोडक्यातोडक्या जर्मनवर भट्टीच्या खोलीत निभाव लागत नाही. मी पुण्यात माक्स म्यूलर भवनात दीड वर्ष शिकून आलो, तरी पहिले सहा महिने जड गेले. प्रवेशासाठी कामाचा पोर्टफोलिओ आणि कलचाचणी असते. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचे (शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचे) प्रमाणपत्र काढावे लागते, आणि व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. हे पैसे दर महिन्याला थोडे थोडे करून तुम्हालाच परत मिळतात, ते शुल्क नव्हे. काम वर्षाला १४० पूर्ण दिवस करता येते. खात्यातल्या युरोंचा आकडा बाबांना जरूर दाखवा.

कोथरूडची मृण्मयी

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री ही उत्तरे आईबाबांना वाचून दाखवली. तारणाचा विषय तूर्त मागे ठेवला आहे. परीक्षा संपली की वर्षभर कुठेही अर्ज न करता मातीवरच काम करायचे, त्याच काळात जर्मनचे वर्ग लावायचे, आणि एनआयडी की हाल्ले की लंडन हे पुढच्या हिवाळ्यात ठरवायचे, असे ठरले. आईने एकच अट घातली आहे, की काय शोधते आहेस ते मला दर महिन्याला समजावून सांग.

केशवनगरच्या दादांकडून रविवारी दोन पाट्या माती घेऊन आले. वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून ठेवली आहे. स्टुडिओतल्या ताईंनी भट्टीच्या कडेला थोडी जागा देऊ केली आहे. पहिल्या चाचण्या कशा मांडू?

चाक आणि भट्टी

एकदम त्रिकोणाकडे जाऊ नका. एका टोकाला नुसती ही माती, दुसऱ्या टोकाला फेल्डस्पार (ग्लेझ वितळायला मदत करणारे खनिज), आणि मध्ये दहा-दहा टक्क्यांनी बदलत जाणारी सरळ रेषा घ्या. दोन टोके धरून अकरा फरश्या होतील. वितळून ओघळणारे ग्लेझ भट्टीची फळी खराब करते, म्हणून फरश्या उभ्या ठेवा, खालचा अर्धा इंच कोरा सोडा आणि प्रत्येकीखाली वाया गेलेल्या मातीची चकती ठेवा. वजने वहीत त्याच दिवशी लिहा. फरशीच्या मागे क्रमांक घालताना पेन्सिल वापरू नका, ती भट्टीत जळून जाते. लोह ऑक्साइड पाण्यात कालवून बारीक ब्रशने लिहा.