कोकणातली मसाला शेती पूर्ण सेंद्रिय: जमेल की नाही?

दापोलीकर:
कोकणात सेंद्रियची सुरुवात हापूसपासून नको, मसाल्यापासून व्हावी. माड-पोफळीच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी वाढते, पातेरा जागच्या जागी कुजतो, फवारणी जवळजवळ नाहीच. आपल्या कृषी विद्यापीठाने नारळातली मसाल्याची मिश्र लागवड ‘लाखी बाग’ म्हणून दाखवून दिली, ‘कोकण सुगंधा’ जायफळ आणि ‘कोकण तेज’ दालचिनी दिली. एवढं असून आपली मिरी व्यापारी साध्या मालाच्या भावात उचलतो. गावाने गट करून प्रमाणपत्र घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

कुडाळचा बागायतदार:
जुलैत वाडीत या, मग बोलू. मुळाशी पाणी तुंबलं की मर लागते, आणि मिरीचा हिरवागार वेल बघता बघता पानं टाकतो. शेणखतातून ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मीही देतो, पण एकदा रोगाची बुरशी शिरली की त्याचा उपयोग नाही. गेलेल्या वेलाच्या जागी नवा लावला तर पीक यायला पुन्हा तीनेक वर्षं. तो तोटा कोण भरणार?

दापोलीकर:
एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, सेंद्रियातही चालतं, मर्यादेत. पावसाआधी फवारा आणि चर मोकळे ठेवा. लागण झाल्यावर धावाधाव केली तर रासायनिक औषधानेही वेल क्वचितच वाचतो.

गुहागरवाली:
दोघेही बांधापलीकडे बघतच नाही आहात. शेजारी हापूसची बाग असली की मोहोर आल्यापासून तुडतुड्यांवर फवारे सुरू, आणि वारा काही हद्द पाळत नाही. त्यात कित्येकांची मिरी चढलेली असते आंब्यावरच, ज्याच्या बुंध्याशी मोहोरासाठी कल्टार हे रसायन ओतलेलं असतं. त्या मिरीला सेंद्रिय म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. शिवाय सातबारावर चुलत्या-पुतण्यांची ढीगभर नावं, निम्मे मुंबईत. सह्या गोळा करायच्या कुणी? बहुवर्षायू पिकाला सेंद्रिय ठरण्याआधी रूपांतराची तीन वर्षं, तोवर माल साध्याच भावाने.

कुडाळचा बागायतदार:
आणि वाळवणीचं काय? जायफळ पडतं ऐन पावसात, जायपत्रीला ऊन मिळत नाही. बुरशी धरली, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष निघालं की सेंद्रिय असो नसो, माल परत. दालचिनीची साल नीट काढणारा गडीही आता शोधावा लागतो.

दापोलीकर:
म्हणूनच गट म्हणतोय. वाळवणी यंत्र एकट्याला झेपत नाही, दहा घरांना झेपतं. निर्यात करायची नसेल तर पीजीएसचं प्रमाणपत्र आहे, त्यात गटातले शेतकरीच एकमेकांची बाग तपासतात.

गुहागरवाली:
तपासतील, पण भावकीत कोण कुणाविरुद्ध लिहून देणार? गट कराच, पण बांधाला लागून असलेल्या आंबेवाल्याला आधी त्यात घ्या. तो नाही म्हणाला तर प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. ‘आम्ही फवारणी केलेली नाही’ एवढंच पिशवीवर लिहा आणि चाकरमान्यांना थेट विका.