स्नेहमेळाव्यात ‘फेअर ट्रेड’वर चर्चा कशी घडवावी?

प्रश्न: आमच्या पुण्यातील व्यवस्थापन संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा यंदा ‘फेअर ट्रेड’वर, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या प्रमाणित व्यापारावर आहे, व्हिजिटिंग कार्डांच्या देवाणघेवाणीपलीकडे बोलणे जावे, यासाठी सुरुवात कशाने करावी?

उत्तर १: कॉफीने करावी. २०२३ मध्ये ‘फेअर ट्रेड’खाली वॉश्ड अरेबिकाचा (पाण्याने धुऊन तयार केलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीचा) किमान भाव पौंडामागे १.८० डॉलर झाला. बाजार त्याखाली घसरला तरी खरेदीदाराला तो द्यावाच लागतो, शिवाय भावाच्या वर पौंडामागे मिळणारे २० सेंट कशावर खर्चायचे हे शेतकऱ्यांची संस्था ठरवते.

उत्तर २: मात्र ‘फेअर ट्रेड’चे प्रमाणपत्र मिळालेल्या शेतकरी संस्थेचा सगळा माल त्या भावाने उचलला जातोच असे नाही. म्हणून खरेदी विभागातील मंडळींना विचारा, की करार किती वर्षांचा आणि आगाऊ रक्कम किती? यवतमाळला माझ्या वडिलांना पेरणीआधी बियाण्याचे पैसे सावकाराकडूनच घ्यावे लागत.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. एका कापूस उत्पादकाला वक्ता म्हणून बोलावतो.