भाषा एक असून मोडलेला संघ

एक कॉमन भाषा असली की देशांचा संघ आपोआप टिकतो हा तुमचा मुद्दा मला नाही पटत, कारण पूर्व आफ्रिकेत नेमकं उलटं झालंय. केनिया, युगांडा, टांझानिया, तिघांची १९६७ साली ईस्ट आफ्रिकन कम्युनिटी झाली तेव्हा रेल्वे एक, बंदरं एक, पोस्ट एक, विमान कंपनीपण एकच, सरकारी कामाला इंग्रजी आणि बाजारात स्वाहिली, म्हणजे अजून काय हवं होतं? तरी १० वर्षांत, १९७७ ला सगळं मोडलं. भाषेवरून नाही हो, केनियाला जास्त फायदा होतो ही बाकीच्यांची तक्रार, टांझानिया समाजवादी तर केनिया भांडवलशाही, आणि १९७१ ला युगांडात हुकूमशहा इदी अमीन सत्तेवर आल्यावर टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे त्याच्याबरोबर एका टेबलावर बसायलाच तयार नव्हते. पुढं टांझानियानं केनियाची बॉर्डर बंद केली ती १९८३ पर्यंत! सामान्य लोकांचे किती हाल झाले असतील.

मला मनापासून वाटतं की खरी गोष्ट संस्थांची आहे. युगांडाची राजधानी कंपालातली ईस्ट आफ्रिकन डेव्हलपमेंट बँक त्या फुटीतूनही वाचली, आजही चालू आहे. १९९९ ला हाच संघ परत उभा करायचा नवा करार झाला, आता टांझानियातल्या अरुशाला त्याचं कोर्ट आहे, असेंब्ली आहे, सोमालिया धरून ८ देश आहेत. बुरुंडीसारख्या देशांत फ्रेंच चालते म्हणून २०२१ मध्ये संघाच्या कामात इंग्रजीच्या जोडीला स्वाहिली आणि फ्रेंच दोन्ही घ्यायचं ठरलं. मला हे फार योग्य वाटतं, नाहीतर इंग्रजी न येणाऱ्या माणसानं दाद मागायची कुठं?