जेजुरीचा भंडारा प्रिंटमध्ये सपाट पिवळा येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राहायला सासवडला, त्यामुळे जेजुरी घरचीच. सोमवतीला पालखी गडावरून कऱ्हा नदीकडे निघते तेव्हाचे फोटो गेली काही वर्षं काढतोय. कॅमेरा कॅनन 1500डी, सोबत आलेली 18-55 लेन्स आणि नंतर घेतलेली 50 एमएम एफ/1.8. मोबाइलवर आणि लॅपटॉपवर फोटो बघून सगळे खूश असतात. आता आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये मोठ्या प्रिंट लावायचं ठरलंय, म्हणून नमुन्याला 12×18 इंचाच्या काही काढून आणल्या आणि मूडच गेला.

उधळलेल्या भंडाऱ्यात स्क्रीनवर कण न् कण दिसतो. प्रिंटमध्ये तिथे पोस्टर कलरचा हात मारल्यासारखा एकसंध पिवळा पट्टा आहे. चेहरे काळपट, पांढरे फेटे किंचित निळसर. लॅबवाले म्हणतात फाइलच तशी आहे. फाइल पेनड्राइव्हवर दिली होती, व्हॉट्सॲपवर नाही.

सेटिंग साधारण अशी असते: एफ/5.6, 1/500, आयएसओ 200, व्हाइट बॅलन्स ऑटो, पिक्चर स्टाइल लँडस्केप. रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) दोन्ही ठेवतो, पण प्रिंट जेपेगवरूनच काढल्या. एडिटिंगसाठी डार्कटेबल हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलंय, कारण लाइटरूमचं दरमहा भाडं परवडत नाही.

विचारायचं आहे ते असं. हा दोष कॅमेऱ्याचा, माझ्या लॅपटॉपचा की लॅबचा? हॉलसाठी 20×30 करायचं म्हटलं तर 24 मेगापिक्सेल पुरतील का? कागद कोणता घ्यावा? घरीच फोटो प्रिंटर घेतला तर भागेल का? आणि थोडे पैसे साठलेत, त्यात 10-18 (रुंद दृश्याची लेन्स) घ्यावी की 55-250 (लांबचं जवळ आणणारी टेली)? "फुल फ्रेम घे" हा सल्ला कृपया नको, घरात भांडणं होतील.

प्रतिसाद

कॅमेरा चांगला आहे, त्याला बोल लावू नका. पिवळा हा रंगच अवघड. स्क्रीनच्या भाषेत पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ शून्य. भर उन्हातल्या भंडाऱ्यात लाल चॅनेल 255 ला, म्हणजे कमाल आकड्याला, जाऊन टेकतो आणि निळा 0 ला. दोन्ही टोकं गाठली की एका कणाचा दुसऱ्या कणापासून फरक दाखवायला आकडेच उरत नाहीत. त्यात लँडस्केप स्टाइल रंग आणखी गडद करते. फोटो काढल्यावर कॅमेऱ्यात जो ब्राइटनेसचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराच्या वाटणीचा आलेख) दिसतो तो तिन्ही रंगांचा एकत्रित असतो, त्यामुळे त्यात सगळं आलबेल दिसतं. मेनूत जाऊन तो आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे) करून घ्या आणि लालकडे लक्ष ठेवा. उजव्या भिंतीला चिकटला तर एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). स्टाइल न्यूट्रल ठेवली तर हिस्टोग्राम रॉच्या जास्त जवळचा येतो.

फेटे निळे येण्याचं कारण ऑटो व्हाइट बॅलन्स. चौकट पिवळ्याने भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो तोल सांभाळायला निळा ओततो. डेलाइटवर लॉक करा. जेजुरीत ऑटो चालत नाही.

जुने फोटो गेले असं समजू नका, रॉमध्ये बरंच शाबूत असतं. डार्कटेबलमध्ये एक्स्पोजर थोडं कमी करा, फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) आणि उजळपणा खाली आणा, आणि लोकल कॉन्ट्रास्ट हलक्या हाताने वाढवा. लोक इथे उलटं करतात: पिवळा फिका वाटला म्हणून सॅच्युरेशन वाढवतात आणि उरलेसुरले कणही घालवतात. डार्कटेबलच्या डार्करूम या एडिटिंगच्या पानावर फोटोखाली सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल) आणि गॅमट चेक (कोणते रंग छापता येणार नाहीत) यांची बटणं आहेत. लॅबकडून त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात त्याची फाइल) मिळालं तर तिथे लावा, कोणता भाग छापताना मार खाणार ते आधीच दिसेल.

प्रतिसाद

छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून त्या बाजूचं सांगतो.

चेहरे काळपट येतात याचं कारण दहापैकी नऊ वेळा लॅपटॉपचा ब्राइटनेस. तुम्ही रात्री फुल ब्राइटनेसवर एडिट करता, फोटो उजळ दिसतो, म्हणून हात आखडता घेता. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. छपाईसाठी स्क्रीन 80 ते 120 कॅन्डेलाच्या (हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास लागतो. कॅलिब्रेटर (स्क्रीन मोजून जुळवणारं यंत्र) नसेल तर दिवसा खिडकीजवळ कोरा पांढरा कागद धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्याच्याइतका होईपर्यंत ब्राइटनेस उतरवा. हा जुगाडच आहे, पण उपयोगी. लॅपटॉपच्या माहितीत "45% एनटीएससी" लिहिलेलं असेल तर तो एसआरजीबीचा (फोटोंसाठी नेहमी वापरतात त्या रंगपट्ट्याचा) जेमतेम 60-65 टक्के भाग दाखवतो. अशा स्क्रीनवर भंडाऱ्याचा खरा रंग दिसणारच नाही, तिथे आकडे आणि हिस्टोग्राम यांच्यावरच भिस्त ठेवा.

फाइल एसआरजीबीत, जेपेग क्वालिटी पूर्ण. ॲडोबी आरजीबी (त्याहून मोठा रंगपट्टा) देऊ नका. लग्नाच्या अल्बमवर चालणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक लॅबचं सगळं काम एसआरजीबीवर असतं. आणि काउंटरवर स्पष्ट सांगा, "करेक्शन करू नका". नाहीतर मशीनवरचा मुलगा सवयीने रंग हलवतो, पिवळा जास्त दिसला की हमखास. वाईट हेतू नसतो, लग्नातली हळद आणि नवरीची त्वचा सांभाळायची सवय लागलेली असते.

साइजचं गणित सोपं आहे. तुमची फाइल 6000×4000. 12×18 ला इंचाला 333 पिक्सेल मिळतात, 20×30 ला 200, 24×36 ला 166. हॉलच्या भिंतीवर माणूस पाच-सहा फुटांवरून बघतो, तेव्हा 20×30 बिनधास्त करा. मात्र 16×20 किंवा 8×10 मागू नका, तुमच्या 3:2 चौकटीच्या कडा कापल्या जातील आणि पालखीचा दांडा नेमका तिथेच असतो.

कागद लस्टर (अर्धवट चमकीचा) घ्या. ग्लॉसीवर हॉलच्या ट्यूबलाइट उमटतील. जाड सुती मॅट कागद हाताला फार सुंदर लागतो, पण मॅटवर रंगांची पोच कमी, भंडारा मरगळतो. मेटॅलिकवर पिवळ्याला सोनेरी झाक येते आणि भंडाऱ्याला ती शोभते, फक्त घामाने चमकणाऱ्या चेहऱ्यांवर ती नको वाटते. कॅनव्हास मला आवडत नाही. विणीत कण हरवतात.

मोठी प्रिंट काढण्याआधी 12×18 च्या एका शीटवर 6×6 चे सहा तुकडे लावा. एकाच फोटोचा महत्त्वाचा भाग, पण पिवळा आणि उजळपणा थोडा थोडा बदललेला. प्रत्येकावर नंबर टाका आणि दिवसाउजेडी पाहा. एका प्रिंटच्या पैशात सगळा निकाल लागतो.

घरी प्रिंटर? एपसनचे सहा रंगांचे इंक टँक चांगले आहेत. एल8050 ए4 चा, एल18050 ए3+ चा, म्हणजे त्यावर 12×18 निघते. पण आठवड्याला काही तरी छापणार असाल तरच घ्या, पडून राहिला की हेड चोक होतो. शिवाय त्यातली शाई डाय (विरघळलेल्या रंगाच्या) प्रकारची, थेट उन्हाच्या भिंतीवर रंग उतरेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री रॉ उघडून पाहिली. जेपेगमध्ये लाल खरोखर भिंतीला टेकलेला आहे, रॉमध्ये बरीच जागा शिल्लक. एक्स्पोजर उतरवल्यावर भंडाऱ्याच्या ढगात कण दिसायला लागले. सहा तुकड्यांची शीट शनिवारी टाकतो. लेन्सचं तेवढं राहिलं.

प्रतिसाद

55-250 घ्या. 10-18 गर्दीत मोहात पाडते, पण तिच्यासाठी अगदी जवळ जावं लागतं आणि जवळ म्हणजे भंडारा थेट काचेवर. 1500डीला धूळरोधक सील नाहीत. टेली घेऊन तटबंदीवर आधीच जागा धरा, खाली पायऱ्यांवरून उधळण वर येते तेव्हा 200 एमएमच्या आसपास चेहरे आणि भंडाऱ्याचा ढग एकमेकांना चिकटल्यासारखे जवळ दिसतात. आणखी एक सोय, 18-55 आणि 55-250 दोन्हींचा फिल्टर 58 एमएमचा, त्यामुळे एकच यूव्ही फिल्टर दोघींना चालतो. 10-18 ला 67 चा वेगळा लागेल.

लेन्स बदलायची ती खाली बाजारात, दुकानाच्या आत. वर अजिबात नाही. कॅमेऱ्याला पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा, पुढून फक्त फिल्टर उघडा ठेवा. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. कण असताना कापड फिरवलं तर ओरखडे ठरलेले, आणि तोंडाने फुंकलं तर थुंकीने हळद चिकटते. पट्ट्यावरच्या डागाला साबण लावू नका, लाल होतो. दोन दिवस उन्हात टाका, बराचसा उडून जाईल.