शब्दचर्चा: डाग, वण, खड्डा. कन्सीलरने यातलं नक्की काय झाकतं?

शब्दखूण:
मुरूम बरा झाल्यावर चेहऱ्यावर जे उरतं त्याला आपण सरसकट 'डाग' म्हणतो. मेकअपच्या माहितीपत्रकांत 'ब्लेमिश', 'मार्क' आणि 'स्कार' या तिन्हींचं भाषांतर 'डाग'च होतं आणि पुढे सूचना येते, 'कन्सीलरने डाग झाकून घ्या.' ज्याच्या गालाला खड्डे आहेत तो ही सूचना वाचून खड्ड्यात कन्सीलर भरतो. तासाभरात कन्सीलर तिथे साचून खड्डा आधीपेक्षा उठून दिसतो. चूक हाताची नसते, शब्दाची असते.
तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या खुणांना वेगवेगळे मराठी शब्द कोणते? 'कन्सीलर' आणि त्याखाली डागाचा रंग तोडायला लावतात तो 'करेक्टर', यांना मराठी शब्द हवेत का? आणि 'ब्लेंड', 'डॅब', 'सेट' या क्रियांना आपल्याकडे काय म्हणायचं?

त्वचावैद्य:
शब्द आहेत, वापरात मागे पडलेत. मी तीन गट करतो.

डाग म्हणजे फक्त रंगाचा फरक. बोट फिरवलं तर त्वचा सपाट लागते. मुरूम ताजा असताना डाग लाल किंवा जांभळट असतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो पुढे तपकिरी, काळपट होतो आणि महिनोन्महिने राहतो. उन्हाने तो अजून गडद होतो, म्हणून सनस्क्रीन हा मेकअपच्या आधीचा थर धरायचा, ऐच्छिक नाही.

वण म्हणजे त्वचेची ठेवणच बदललेली खूण. 'देवीचे वण' ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. मुरमांचे वण बहुतेक खोलगट असतात. टाचणीने टोचल्यासारखे अरुंद असतात त्यांची तोंडं 2 मिलिमीटरपेक्षा लहान, पण खोली जास्त. काहींच्या कडा उभ्या आणि तळ सपाट असतो. काही पसरट, लाटांसारखे, कड नसलेले.

तिसरा गट उंचवट्यांचा: जबड्याच्या कडेला, छातीवर, खांद्यांवर येणाऱ्या टणक गाठी. यांनाही वण म्हणता येईल, पण 'उठलेला वण' असं स्पष्ट म्हणावं.

शब्दखूण:
'व्रण' का नको? वर्तमानपत्रांत तर 'मुरमांचे व्रण' असंच छापतात.

त्वचावैद्य:
संस्कृतात व्रण म्हणजे जखम. मराठी वैद्यकीय लेखनातही उघड्या जखमेला व्रण म्हणतात, उदाहरणार्थ जठरव्रण. त्याच शब्दाचं प्राकृतातून आलेलं रूप 'वण', आणि मराठीत त्याचा अर्थ जखम भरल्यावर उरलेली खूण असा ठरून गेलाय. एकाच घरातल्या दोन शब्दांनी कामं वाटून घेतली आहेत. इतकी सोय असताना ती मोडू नये. 'व्रणावर मेकअप करा' हे वाक्य तर धोक्याचं आहे, कारण ओल्या, फुटलेल्या पुटकुळीवर मेकअप लावायचाच नसतो.
आणि छडीचे उठतात ते 'वळ', वण नव्हे. वळ दोन दिवसांत उतरतो, वण उतरत नाही.

आजोळ:
लिहिताना लक्षात ठेवायची व्याकरणाची एक गोष्ट: 'मुरूमांचे' नव्हे, 'मुरमांचे'. कापूस-कापसाचा, माणूस-माणसाचा तसं मुरूम-मुरमाचा. रस्त्यावर टाकतात त्या मुरमाचंही हेच.
'तारुण्यपीटिका' हा शब्द पाठ्यपुस्तकात राहिला, घरात कोणी म्हणत नाही. सुश्रुतसंहितेतला 'मुखदूषिका' हा शब्द ग्रंथातच बरा. रोज आरशात पाहणाऱ्या मुलीला 'चेहरा दूषित करणारी' असा शब्द ऐकवू नये. 'वांग' मात्र जिवंत आहे. संस्कृत 'व्यंग'वरून आलाय. गालावरचे पसरट तपकिरी चट्टे म्हणजे वांग, मुरमाशी त्याचा संबंध नाही. मेकअप करतानाही फरक पडतो: वांगाला कड नसते, म्हणून पातळ थर पसरून द्यावा लागतो, मुरमाच्या डागाला कड असते, म्हणून त्याचं काम ठिपक्याएवढ्या जागेत.

रंगपेटी:
वधूच्या मेकअपच्या बाजूने लिहिते. वरची विभागणी तंतोतंत उपयोगाची आहे. डाग रंगाने झाकतो. खड्डा रंगाने झाकत नाही, कारण तिथे काळं दिसतं तो रंग नसतो, सावली असते. सावलीवर कितीही कन्सीलर लावा, उजेड बाजूने आला की सावली परत येते.

आधी डागापुरतं सांगते. एकच डाग घेऊ: गालावरचा मसुराएवढा, तपकिरी, सपाट.

1. मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं थांबायचं. मग सनस्क्रीन, आणि तेही मुरू द्यायचं. घाई केली तर वरचा थर सरकतो आणि बोटाखाली शेवयांसारख्या गुठळ्या वळतात.
2. डागाचा रंग तोडणारी छटा लावायची. तपकिरी-काळपट डागाला गव्हाळ त्वचेवर पीच, सावळ्या त्वचेवर नारिंगी, त्याहून गडद त्वचेवर लालसर नारिंगी. मोहरीच्या दाण्याएवढी पुरते. निमुळत्या ब्रशने फक्त डागावर, कडेबाहेर नाही.
3. त्यावर फाउंडेशनचा पातळ थर, स्पंजने थोपटून. चोळलं की खालची नारिंगी छटा गालभर पसरलीच.
4. आता कन्सीलर. ब्रशच्या टोकाने डागाच्या मधोमध ठिपका, अर्धा मिनिट जरा सुकू द्यायचा, मग फक्त कड बाहेर दोन-तीन मिलिमीटर विरत न्यायची. मधल्या ठिपक्याला हात लावायचा नाही. बहुतेकांचा डाग पुन्हा दिसतो तो इथे: मध्य आणि कड दोन्ही पुसत बसतात.
5. पावडर पफवर घेऊन, पफ दुमडून जादाची झटकून, डागावर दाबायची. फिरवायची नाही.

कन्सीलरची छटा फाउंडेशनशी जुळलेलीच हवी. एक छटा उजळ घ्यायची ती डोळ्यांखाली. डागावर उजळ छटा लावली की काळ्या ठिपक्याच्या जागी पांढरा ठिपका दिसतो.

शब्दखूण:
रंगपेटीताई, लाल डागाला हिरवं लावतात ना? सगळीकडे तसंच सांगतात.

रंगपेटी:
गोऱ्या त्वचेवर चालतं. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर हिरवं लावून वर फाउंडेशन आलं की राखाडी झाक मारते, चेहरा आजारी दिसतो. तिथे हिरव्याऐवजी पिवळी छटा, किंवा सरळ घट्ट कन्सीलर. आपल्याकडे लाल डाग फार दिवस लाल राहतही नाही.

आणि 'झाक' हा शब्द किती कामाचा आहे बघा. दुकानात 'अंडरटोन' विचारतात, त्याला मराठीत कधीपासून 'झाक' आहे: पिवळसर झाक, तांबूस झाक. निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी ही झाली छटा. त्याखालची ती झाक. छटा जुळली आणि झाक चुकली की गळा आणि चेहरा दोन माणसांचे वाटतात.

तिसरी_घंटा:
नाटकाच्या बाजूने थोडं. तिथे शब्द 'रंगभूषा', आणि बोलताना 'रंग लावणं', 'रंग उतरवणं'. जुन्या पेटीत सफेदा, पिवडी, हिंगूळ असे रंग असायचे. पुढे पॅनकेक आलं. मॅक्स फॅक्टरने ते 1930च्या दशकात रंगीत चित्रपटांसाठी तयार केलं होतं, आणि तो ब्रँड न वापरणारेही आज ओल्या स्पंजने लावायच्या कोणत्याही घट्ट वडीला पॅनकेकच म्हणतात.

रंगमंचावर खड्ड्यात उजळ छटेचा ठिपका देऊन सावली मोडता येते, कारण प्रेक्षक लांब असतो आणि समोरचे दिवे जोरदार असतात. हीच युक्ती लग्नाच्या मांडवात हात-दीड हातावरून बघणाऱ्या पाहुण्यांसमोर करू नये. जवळून तो ठिपका ठिपकाच दिसतो.

रंगपेटी:
अगदी बरोबर. खड्ड्यांसाठी क्रियापद 'झाकणं' नाही, 'बुजवणं' आहे, आणि तेही उथळ खड्ड्यांपुरतं. सिलिकोनचा प्रायमर, म्हणजे फाउंडेशनखाली लावायचा थर, वाटाण्याएवढा घेऊन खड्ड्यांच्या भागावर सगळ्या दिशांनी हलक्या बोटाने दाबत बसवायचा, भिंतीला लांबी भरतात तसा. दोन-तीन मिनिटं थांबून पातळ, चकाकी नसलेलं फाउंडेशन. वर पावडर अगदी जेमतेम. टाचणीसारखे खोल खड्डे याने बुजत नाहीत, आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. त्यात कन्सीलर भरला तर चेहऱ्याची हालचाल होताच तो वर येतो किंवा चिरतो.

खड्ड्यांच्या गालावर शिमर, हायलायटर, चकाकणारा ब्लश अजिबात नको. चमक कडेवर बसते आणि खड्डा कोरल्यासारखा दिसतो. पावडरचा जाड थर पाच-पाच मिनिटं ठेवून झटकायची पद्धतही इथे नको. उठलेल्या वणावर उजळ छटा नको, त्याने तो आणखी वर येतो. त्वचेच्या छटेचंच किंवा अर्धी पायरी गडद, चमक नसलेलं. उंची जात नाही, फक्त उजेड कमी पकडते.

मेकअप करताना खुर्ची खिडकीसमोर अशी ठेवावी की उजेड तोंडावर येईल, आणि शेवटी मान वळवून बाजूच्या उजेडातही एकदा बघावं.

आजोळ:
क्रियापदांबद्दल. 'बुजवणं', 'लांबी भरणं' वाचून लक्षात आलं की या कामाचे बरेच शब्द आपल्याकडे घर सारवण्या-लिंपण्यातून आलेत. सुकलेल्या पुटकुळीवरचा कन्सीलर सुटतो तेव्हा 'पोपडे' निघतात, भिंतीला जे निघतात तेच. आणि 'टचअप'ला 'डागडुजी' यापेक्षा सुंदर शब्द कुठे मिळेल? त्यात डागही आहे.

लावण्याच्या क्रियाही वेगवेगळ्या ठेवू. 'फासणं' म्हणजे बेपर्वाईने. 'चोपडणं' म्हणजे सढळ हाताने, तुपाला शोभतं. 'माखणं' म्हणजे भरपूर, अंगभर. 'थापणं' जाड. 'थोपटणं' हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा; डॅबला हाच शब्द. 'टिपणं' म्हणजे ओल शोषून घेणं, म्हणजे ब्लॉट. 'ब्लेंड'ला 'विरत नेणं' हे रंगपेटीताईंनी वर वापरलंच आहे, मला ते 'मिसळणं'पेक्षा नेमकं वाटतं, कारण मिसळताना दोन्ही वस्तू हलतात आणि इथे मध्य हलवायचाच नाही. 'सेट'ला 'बसवणं'. मेकअप बसतो, उठतो, फाटतो, वाहतो हे तर पार्लरमध्ये सगळेच म्हणतात.

शब्दखूण:
मग 'कन्सीलर'? काही सुचलेले: डागझाक, आच्छादक, डागलेप.

आजोळ:
'आच्छादक' ताडपत्रीला शोभेल. 'लेप' म्हटलं की सुकवून धुवायचं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. 'डागझाक' चांगला आहे, पण दुकानात मागून मिळणार नाही. कन्सीलर राहू द्या, क्रियापदं मराठी ठेवा. 'करेक्टर'ला मात्र 'रंगतोड' चालवावा असं वाटतं. काळपटाची तोड नारिंगी, लालीची तोड पिवळी: एका शब्दात काम कळतं.

तिसरी_घंटा:
'रंगतोड'ला अनुमोदन. रंगभूषेत 'रंग मारणं'ही म्हणतात, 'पिवळ्याने लाल मारून घे', पण लिहिताना घोटाळा होईल. भिंतीलाही रंगच मारतात.

त्वचावैद्य:
एक शब्द माझ्याकडून काढून टाकायची विनंती: 'डागाळलेला चेहरा'. डागाळते ती प्रतिमा, चारित्र्य. मुरूम येण्यात कोणाचा दोष नाही. 'डाग असलेली त्वचा' म्हणावं. तसंच 'लपवणं'ऐवजी 'झाकणं'. लपवण्यात काही चोरून केल्याचा वास आहे. ऊन लागू नये म्हणूनही आपण डोकं झाकतोच. जाहिरातींतले 'डागधब्बे' हिंदीतून आलेत, 'डाग' पुरेसा आहे.

आता चालू मुरमांबद्दल, कारण तिथे नुकसान होतं. पिकलेली पुटकुळी मेकअपआधी फोडू नये. ओल्या जागेवर काहीच टिकत नाही आणि मागे वण राहायची शक्यता वाढते. खपली धरली असेल तर ती ओढू नये. मॉइश्चरायझरने मऊ करून आजूबाजूची लालीच तेवढी झाकावी. मुरमांवर रेटिनॉइड क्रीम चालू असेल तर त्वचेचे बारीक पापुद्रे निघतात आणि घट्ट कन्सीलर त्यांना धरून बसतो. अशांनी पातळ कन्सीलरचे दोन थर द्यावेत. वेष्टनावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' असेल ते घ्यावं. त्याला मराठीत 'रंध्रं न तुंबवणारं' म्हणता येईल.

रंगपेटी:
यात स्वच्छतेची भर. कांडीचा कन्सीलर थेट मुरमावर घासू नये आणि मुरमाला लागलेला ब्रश परत डबीत बुडवू नये. स्वच्छ चपट्या काडीने प्लेटवर काढून घ्यावा, उरलेला टाकावा. दुसऱ्या माणसासाठी दुसरा ब्रश. स्वतःचे ब्रश, स्पंज आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन पूर्ण वाळवावेत. ओला स्पंज डबीत बंद केला की बुरशी धरते.

उतरवताना आधी तेलाचं क्लिन्झर किंवा मायसेलर पाणी, मग साधा फेसवॉश. घट्ट कन्सीलर नुसत्या फेसवॉशने निघत नाही, आणि जोर लावून पुसलं की मुरूम सोलवटतात.

शब्दखूण:
शेवटचं. मुंबई-कोकणात मे महिन्याच्या मुहूर्तावर घामाने डाग वर येतो, तेव्हा पुन्हा कन्सीलर लावायचा का?

रंगपेटी:
लगेच नाही. आधी टिपकागद दाबून घाम आणि तेल टिपायचं, पुसायचं नाही. मग बघायचं. बऱ्याचदा थर जागेवरच असतो, ओलीमुळे पारदर्शक दिसत असतो. पावडर दाबली की काम होतं. थर खरंच उठला असेल तर त्या जागेचा सगळा काढायचा, ओलसर कापसाच्या काडीने, आणि रंगतोडीपासून पुन्हा करायचं. पावडरीवर क्रीमचा कन्सीलर लावला की दह्यासारखा फुटतो. एवढ्याशा डागडुजीला साधारण तीन मिनिटं लागतात, तेवढा वेळ अंतरपाट धरायच्या आधी मागून घ्यावा.