घरात एकच गाडी असेल तर ती इलेक्ट्रिक मोटरसायकल असावी का? खानदेशापुरतं बोलू

गिरणाथडी (चाळीसगाव तालुका)

माझं मत आधीच सांगतो. घरात एकच गाडी असेल तर आपल्या भागात आज ती पेट्रोलचीच असावी. गावातली पोरं शोरूमला जाऊन इलेक्ट्रिक मोटरसायकल बघून येताहेत आणि घरोघरी वाद पेटलेत, म्हणून हा विषय काढला.

स्कूटरबद्दल माझं काही म्हणणं नाही, शहरात ती चालते ते बरोबरच आहे. देशात खपणाऱ्या इलेक्ट्रिक दुचाकींत बहुतेक स्कूटरच असतात, मोटरसायकली अगदी थोड्या. याचं एक मोठं कारण हिशेबात आहे. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ चा अ‍ॅव्हरेज देते, शंभर सीसीची मोटरसायकल ६०-६५ देते. म्हणजे पेट्रोल सोडून जी बचत व्हायची, ती मोटरसायकलवाल्याच्या वाट्याला मुळातच कमी येते. वर त्याला पल्ला लांबचा लागतो, म्हणून बॅटरी मोठी, म्हणून किंमतही जास्त.

आणि शेतकऱ्याच्या गाडीचं काम कधी ठरलेलं असतं का? सकाळी डेअरीवर दूध, मग तालुक्याहून खताची गोणी, संध्याकाळी पाहुण्याला स्टेशनवर सोडणं. रात्री दीडला शेजारी कुणाला साप चावला तर तीच गाडी काढायची. त्या वेळी डिस्प्लेवर १८ टक्के दिसत असतील तर काय करायचं? पेट्रोल संपलं तर किराणावाल्याला उठवून बाटली तरी मिळते. बॅटरी भरायला चार तास लागतात, आणि तेही लाईट असली तर.

अपडाऊनवाली (जळगाव)

दादा, शेतकऱ्याचं तुम्ही सांगितलं, आता नोकरदाराचं ऐका. माझी शाळा एरंडोलच्या पुढे आहे, येऊन-जाऊन रोज सत्तरेक किलोमीटर. मी इलेक्ट्रिक मोटरसायकलच चालवते. स्कूटर घेतली नाही, कारण तिची बारकी चाकं खड्ड्यात आपटतात; सतरा इंची चाक तेच खड्डे निमूट ओलांडतं. शिवाय क्लच नाही, गिअर नाही. हायवेवरच्या ट्रकांच्या रांगेत डाव्या हाताला किती आराम पडतो ते चालवल्याशिवाय कळायचं नाही.

हिशेब मांडते. पेट्रोल १०५ धरा आणि अ‍ॅव्हरेज ६०. सत्तर किलोमीटरला १२० रुपयांच्या वर जातात. माझ्या गाडीला शंभर किलोमीटरमागे घरच्या सॉकेटमधून सुमारे चार युनिट लागतात, म्हणजे सत्तरला पावणेतीन. युनिटला १२ रुपये धरले तरी ३५ च्या आत. रोजचे ८५ ते ९० रुपये वाचतात. शाळेचे दिवस २३० धरले तर वर्षाला वीस हजारांच्या आसपास. गाडीच्या किमतीतला फरक ५० हजार असला तरी अडीच वर्षांत निघाला. यात ऑइल, क्लच प्लेट, प्लग धरलेलेच नाहीत.

एक गोष्ट मात्र शोरूमवाले सांगत नाहीत. महिन्याला साठ-पासष्ट युनिट वाढले की घरचं बिल शंभर युनिटांच्या वरच्या स्लॅबमध्ये जातं आणि तिथे दर एकदम चढतो. म्हणूनच मी १२ रुपये धरले. ५ रुपयांचा हिशेब कुणी दाखवला तर विश्वास ठेवू नका.

दीपनगर_कॉलनी (भुसावळ)

मॅडम, हिशेब बरोबर आहे, पण आमच्याकडच्या मे महिन्याचं काय? बहुतेक लिथियम सेल चार्ज करण्याची वरची मर्यादाच ४५ अंश सेल्सिअस असते. भुसावळात तेव्हा हवाच ४५ च्या पुढे जाते. दुपारी दोनला हायवेवरून आलेली गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावली, तर आतल्या सेल त्याहून तापलेल्या असणार. बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, मग चार्जिंग मंद करतं, नाहीतर थांबवतं. तापलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, हे रसायनशास्त्र आहे, कंपनी कुठलीही असो. पुण्या-बंगळुरूत चालवून लिहिलेले अनुभव आपल्याला लागू पडत नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

अपडाऊनवाली (जळगाव)

उन्हाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. म्हणून उन्हाळ्यात आल्या आल्या चार्जर लावायचाच नाही. मी गाडी रात्री अंगणात उघड्यावर थंड होऊ देते आणि पहाटे तीन-चारला टायमरने चार्जिंग सुरू होतं. गाडी घेताना सेल एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे का तेही विचारा. ती वजनाला जड पडते, पण उष्णता जास्त सोसते आणि टिकतेही जास्त. माझी पक्की अट एवढीच आहे की स्वतःचं अंगण हवं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्याने पंधरा-वीस किलोची बॅटरी रोज जिन्यातून वर नेण्याच्या भानगडीत पडू नये.

सातपुडा_पायथा (शहादा)

मी घाटाचं सांगतो, कारण ते कुणी बोललंच नाही. शहाद्याहून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि चढ सुमारे एक हजार मीटर. गाडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो धरा. एवढं वजन हजार मीटर वर उचलायला नुसत्या भौतिकशास्त्राने ०.६८ युनिट लागतात. मोटर आणि तिला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरमधली गळती धरून ०.८५. रिव्होल्ट कंपनीची आरव्ही ४०० ही २०१९ मध्ये आलेली गाडी घ्या, बॅटरी ३.२४ युनिटची, इको मोडमध्ये १५० किलोमीटरचा दावा. सपाट रस्त्यावर किलोमीटरला ३५ वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट) धरले तर पंचावन्न किलोमीटरला १.९ युनिट. त्यात चढाचे ०.८५ मिळवा, झाले पावणेतीन. म्हणजे तोरणमाळला पोचताना बॅटरीत अर्धा युनिट उरतो. उतरताना रिजनरेशनने, म्हणजे मोटरच उलटी वीज बनवते त्यातून, थोडं परत मिळतं, पण त्याच्या भरवशावर परत शहादा गाठता येत नाही.

सातपुड्यातल्या धडगाव, मोलगीच्या पाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्यसेवकांना, गुरुजींना, कर्ज वसुलीवाल्यांना रोज असेच रस्ते तुडवावे लागतात. चांदसैली घाट चढून गेल्यावर लाईट असेलच याची खात्री तिथला माणूस देत नाही. डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की दिवसच्या दिवस अंधार. आमच्याकडे म्हातारे एकच विचारतात, "भो, रस्तामा गाडी बंद पडनी ते कोन ढकली?" या प्रश्नाला कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नाही.

केळीबाग (रावेर)

सातपुड्यावरच्या भावांचं तिथल्यापुरतं खरं आहे. पण तापीच्या सपाटीवर चढ कुठे आहे? रावेर-यावल पट्ट्यात माणसाचं रोजचं फिरणं तीस-चाळीस किलोमीटरचं. घर, मळा, केळीच्या गाड्या भरतात ते ठिकाण, बँक. आमच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदान मिळालं. चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट निघतात. नेट मीटर असल्याने, म्हणजे दिवसा ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा होत असल्याने, गाडी रात्री चार्ज केली तरी हिशेबात ती सोलरचीच. ज्या उन्हाची भीती घालताय, तेच आम्हाला वीज देतं.

एक विनंती सगळ्यांनाच. मळ्यातल्या शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. ती वीज सवलतीची आणि फक्त पंपासाठी असते. पकडलं तर दंड, आणि सवलतीवर बोट दाखवणाऱ्यांना आयतं निमित्त.

शाईन_१२५ (पारोळा)

दोन्हींच्या मधला रस्ता कुणी का घेत नाही? २०२४ च्या जुलैत बजाजने सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ काढली. दोन किलो सीएनजी आणि जोडीला दोन लिटर पेट्रोल. गॅस संपला की बटन दाबा, पेट्रोलवर चला. अडचण एकच, सीएनजीचा पंप जवळ हवा. तो हायवेवर मिळेल, आतल्या गावात नाही.

फिटर_अमळनेर

माझं गॅरेज आहे, म्हणून मी पेट्रोलच्याच बाजूने बोलणार असं वाटेल, पण तसं नाही. इलेक्ट्रिक गाडी माझ्याकडे आली की बेअरिंग, ब्रेक पॅड, टायर, सस्पेन्शन हे सगळं माझ्या हातचं आहे. मोटरमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. अडतं ते कंट्रोलर आणि बीएमएसपाशी. ते उघडायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि पार्ट बाहेर विकत मिळत नाही. गिऱ्हाईक गाडी टेम्पोत घालून जळगाव, नाहीतर नाशिकला नेतं आणि पार्ट यायची वाट बघत बसतं. ज्याची एकच गाडी आहे त्याने तोपर्यंत कामाला कसं जायचं? स्प्लेंडरचं कार्बोरेटर माझ्याकडचा पोऱ्या अर्ध्या तासात साफ करून देतो. नवीन इंजेक्शनवाल्या गाड्यांना स्कॅनर लागतो, पण तो आता तालुक्याला मिळतो.

कंपन्यांनी पार्ट आणि शिक्षण तालुक्याच्या गॅरेजपर्यंत आणावं, आम्ही शिकायला तयार आहोत. गाडी विकायला गावापर्यंत येता, मग दुरुस्तीला शहरात का बोलावता? हे झालं तर या धाग्यातला अर्धा वाद मिटेल.

गिरणाथडी (चाळीसगाव तालुका)

मॅडम आणि रावेरचे भाऊ, दोघांचं नीट वाचलं. दोघांकडे स्वतःचं अंगण आहे, ठरलेला रस्ता आहे, आणि मला वाटतं घरात दुसरी गाडीही असणार. माझा प्रश्न पहिल्या गाडीचाच आहे, आणि फिटरदादांनी त्याला सगळ्यात जास्त वजन दिलं. पंधरा वर्षं चाललेली शंभर सीसीची गाडी आजही बाजारात पैसे देऊन जाते. आठ वर्षांच्या इलेक्ट्रिक गाडीला, बॅटरीची वॉरंटी संपल्यावर, कोण किती देईल हे मला कुणी सांगावं. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी गाडी विकून वेळ निभावणारी घरं माझ्या गावात आहेत. त्यांना गाडी म्हणजे गरजेला मोडायची चीज असते, नुसतं वाहन नसतं.

अपडाऊनवाली (जळगाव)

दुसरी गाडी आहे, यजमानांची, पेट्रोलची. तुमचा अंदाज बरोबर. पण दादा, तुमच्या गावात डेअरी आहे, सोसायटी आहे, ग्रामपंचायत आहे. या गाड्यांना मोठं चार्जिंग स्टेशन लागत नाही, अर्थिंग नीट असलेला १५ अँपियरचा साधा सॉकेट पुरतो. डेअरीच्या ओट्यावर असे चार सॉकेट आणि एक सबमीटर बसवायला किती खर्च येतो ते वायरमनला विचारून बघा. दूध घालून, माप होऊन, पावती मिळेपर्यंत गाडी तिथे उभीच असते. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडणार असाल तर अर्जाचा मसुदा मी करून देते.

गिरणाथडी (चाळीसगाव तालुका)

मसुदा पाठवा. अर्थिंगचा मुद्दा त्यात वेगळा लिहा, आमच्या डेअरीत ते धड नाही.